पाऊस येतोय हो

सोलमधला पावसाळा महिनाभराचा. जूनच्या अखेरीला सुरू होतो आणि जुलै संपता संपता आवरतो. तिकडे त्याला 'चांग्मा' म्हणतात. आपल्यासारख्या चार महिने छत्री बाळगणाऱ्यांना हे म्हणजे पाहुण्याने येऊन चहा पिऊन जाण्यासारखं वाटतं, पण पडतो तेव्हा अगदी कोकणासारखा पडतो. अशाच एका सकाळी, तिथल्या एका विद्यापीठाच्या कोरियन भाषेच्या वर्गात, आमच्या बाई फळ्यावर लिहिता लिहिता थांबल्या, खिडकीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पीगा वायो."

वाक्य पहिल्या पुस्तकातलं. मला ते दोन वर्षांपासून येत होतं. सवयीने मी वहीच्या समासात त्याचा इंग्रजी अर्थ लिहिला, 'इट इज रेनिंग', आणि पेन तसंच हातात राहिलं. बाईंच्या वाक्यात 'इट' नव्हतंच. 'पी' म्हणजे पाऊस. 'गा' हा कर्त्याला लागणारा प्रत्यय. 'वा' म्हणजे येतो. आणि शेवटचं 'यो' हे ऐकणाऱ्याचा मान राखायला. बाई म्हणाल्या होत्या, "पाऊस येतोय हो."

घरी आजी हेच म्हणायची. वाळत घातलेले कपडे काढायला धावताना शेजारच्या काकांना ओरडून सांगायची, "पाऊस येतोय हो!" मला सांगायची तर "पाऊस येतोय गं." धाकट्या भावाला "पाऊस येतोय रे." पाऊस एकच, पण ऐकणारा बदलला की वाक्याचं शेपूट बदलायचं. हे ज्या भाषेत मी वाढले त्या भाषेत होतं, आणि दोन वर्षं मी 'पोलाइट सेंटेन्स एंडिंग' असं काहीतरी पाठ करत बसले होते. कुणी सांगितलं नव्हतं म्हणावं, तर माझं मलाही सुचलं नव्हतं. ते जास्त लागलं.

शेजारी ओसाकाची एक मुलगी बसायची. तिच्या वहीचे समास जपानी अक्षरांनी भरलेले असायचे. आम्ही दोघी एकाच दिवशी एकाच पायरीला दाखल झालो होतो. तिसऱ्या आठवड्यात ती माझ्या खूप पुढे गेली होती. मंगोलियाची दोन मुलंही. मी मात्र वर्गातल्या एका अमेरिकन मुलाच्या बरोबरीने धडपडत होते. आम्ही दोघं एकाच ठिकाणी अडखळायचो, एकाच प्रकारच्या चुका करायचो. त्याचं समजू शकत होतं, बिचाऱ्याच्या भाषेत क्रियापद मध्येच येऊन बसतं. माझं काय? माझ्या भाषेत कर्ता, कर्म, क्रियापद हाच क्रम. नामापुढे प्रत्यय लावणं हा पाचवीतला व्याकरणाचा धडा. तरी मी त्याच्याबरोबर मागे. मी कोरियन शिकायला आले होते आणि वाटेत इंग्रजीच्या घरी मुक्काम ठोकून बसले होते.

त्या दिवशी मी नवीन वही घेतली. तिच्या समासात फक्त मराठी लिहायचं असं ठरवलं.

*

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची एक भाषाशाळा आहे. इंग्रजी बोलणाऱ्याला कुठली भाषा किती तासांत यावी याचा तिचा एक तक्ता सगळीकडे फिरत असतो. कोरियन त्यात सर्वांत अवघड गटात, 2200 तास. फ्रेंचला त्याच्या तिप्पट कमी. पुण्यातल्या कुठल्याही कोरियन वर्गात पहिल्या दिवशी हा आकडा कुणी ना कुणी सांगतोच. मुलं घाबरतात आणि थोडी सुखावतातही, आपण काहीतरी भारी करतोय म्हणून. पण तो तक्ता इंग्रजीच्या उंबऱ्यावर उभं राहून मोजलेला आहे. आपल्या उंबऱ्यावरून अंतर किती, हे मोजायला कुणी बसलेलं मला तरी दिसलं नाही.

थोडं मोजू.

कोरियनमध्ये 'मॉगॉ बोदा' असं म्हणतात. मॉगॉ म्हणजे खाऊन, बोदा म्हणजे पाहणे. खाऊन पाहणे. इंग्रजी पुस्तकात याच्यासाठी पानभर खुलासा असतो: एखादी कृती प्रयोगादाखल करण्यासाठी मूळ क्रियापदाला हे सहायक जोडावे, वगैरे. मराठी मुलाला सांगा, "खाऊन बघ." संपलं. 'मॉगॉ बॉरिदा', खाऊन टाकणे. टाकणे हे क्रियापदही तेच, फेकून देण्याच्या अर्थाचं, आणि 'एकदाचं संपवलं' हा भावही तोच. 'स्सॉ जुदा', लिहून देणे. 'स्सॉ दुदा', लिहून ठेवणे. देण्यातला उपकार आणि ठेवण्यातली पुढची सोय, दोन्ही तशीच्या तशी. मी शिकत होते त्या पुस्तकात या चार गोष्टी चार वेगवेगळ्या धड्यांत, महिना-महिना अंतराने येत होत्या. आता मी त्या एका शनिवारी उरकते. मुलं घरी जाऊन आईला म्हणतात, "आई, करून बघतो, करून टाकतो, करून देतो, करून ठेवतो." आईला वाटतं, पोरगं सुधारलं.

'इत्ता' म्हणजे असणे आणि 'ऑप्ता' म्हणजे नसणे. 'असणे'च्या उलट अर्थाचं एक सबंध क्रियापद. इंग्रजीत नाही. आपल्याकडे आहे. 'माझ्याजवळ पैसे आहेत' याला कोरियनमध्येही 'बाळगणे' नाही, 'असणे'च लागतं.

'उरी' म्हणजे आम्ही, आमचं. कोरियन माणूस 'माझी आई' म्हणत नाही, 'उरी ऑम्मा' म्हणतो, आमची आई. 'उरी जिप', आमचं घर. एकुलत्या एका मुलालाही आई 'आमची'च. आणि बायका नवऱ्याला 'उरी नाम्प्यॉन' म्हणतात, आमचा नवरा. आमच्या वर्गात हे आलं तेव्हा तो अमेरिकन मुलगा पोट धरून हसला. बाईही हसल्या, त्यांना या हसण्याची सवय असावी. मी हसले नाही. मला आमच्या शेजारच्या वहिनी आठवल्या: "आमचे हे अजून आले नाहीत."

नादशब्दांचं तर काय सांगू. काळीज धडधडतं ते 'तुगुन-दुगुन', चांदणी चमचमते ती 'पान्चाक-पान्चाक', आणि चुलीवर रस्सा रटरटतो तो 'पोगुल-बोगुल'. इंग्रजी पुस्तकं हे शब्द 'प्रगत' भागात, शेवटी ढकलतात, कारण इंग्रजीत ते बालगीतासारखे वाटतात. आपल्याकडे मोठी माणसंसुद्धा नदी खळखळ वाहते आणि डोकं ठणठण दुखतं असंच बोलतात. मग हे शब्द पहिल्याच महिन्यात का शिकवू नयेत?

या साम्यावरून कुणी लगेच नातं जोडायला निघेल, म्हणून सांगते. होमर हल्बर्ट नावाचा एक अमेरिकन 1886 साली कोरियाच्या राजाने काढलेल्या शाळेत शिकवायला गेला. पुढे त्याने कोरियन आणि आपल्याकडच्या द्राविडी भाषांचं व्याकरण शेजारी शेजारी मांडून त्या एका वंशाच्या असल्याचं म्हटलं. आज भाषाशास्त्र ते मानत नाही. आणि मराठी तर वेगळ्याच कुळातली. पण स्वयंपाकघर सारखं असायला भाऊबंदकी लागत नाही. पोळपाट तिथेही आहे, लाटणं तिथेही आहे. काय कुठे ठेवलंय ते आपल्याला न विचारता कळतं, एवढं शिकणाऱ्याला पुरतं.

*

माझी पहिली तीन वर्षं मात्र मी हे सगळं माहीत असून इंग्रजीतूनच शिकवलं. याचं कारण भ्याडपणा. परत आल्यावर एका खासगी वर्गात नोकरी धरली. तिथे पुस्तक इंग्रजी, फळा इंग्रजी, आणि जाहिरातीत 'तीन महिन्यांत टोपिक लेव्हल 2'. मराठीतून सांगितलं की पालकांना वाटायचं फी वाया गेली. एका बाबांनी मला स्पष्ट विचारलं, "मॅडम, मराठीच बोलायचं तर मग फॉरेन लँग्वेज कशाला?" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आता देते.

टोपिक ही कोरियन भाषेची सरकारी परीक्षा. 1997 पासून घेतली जाते. पायऱ्या सहा. पहिल्या दोन पायऱ्यांचा पेपर 200 गुणांचा, त्यात 30 प्रश्न ऐकण्याचे आणि 40 वाचण्याचे. सगळे पर्याय निवडण्याचे. 140 मिळाले की दुसरी पायरी. म्हणजे तोंडातून एक शब्द न काढता आणि कागदावर एक ओळ न लिहिता माणूस 'लेव्हल 2' होऊ शकतो, आणि आमच्याकडे होतो. लिहिण्याचा पेपर तिसऱ्या पायरीपासून. त्यातल्या शेवटच्या प्रश्नाला चौकटीच्या कागदावर 600 ते 700 अक्षरांचा निबंध लागतो. दोन वर्षं गोल रंगवत आलेलं पोर तिथे आपटतं. बोलण्याची परीक्षा आली ती 2022 साली, आणि तीही वेगळी, ज्याला हवी त्याने द्यावी अशी. परीक्षा वाईट आहे असं मी म्हणत नाही. तिला बघून आपण जे शिकवत सुटलोय ते वाईट आहे. सरावाचे संच सोडवणं म्हणजे भाषा शिकणं, असा समज आम्हा शिक्षकांनीच करून दिला, कारण ते तपासायला सोपं.

या मुलांना पुढे करायचं काय असतं? काही जणी नाटकमालिकांच्या आणि बीटीएसच्या प्रेमाने येतात, त्यांचं मी वेगळं सांगेन. पण पुण्याच्या आसपास कोरियन ही पोटापाण्याचीही भाषा आहे. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगावचा जुना जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतला, रायगडात माणगावजवळ पोस्कोचा पोलाद कारखाना आहे. यांच्याभोवती सुटे भाग पुरवणाऱ्यांचा गोतावळा आहे. तिथे दुभाषी लागतात. आणि दुभाष्याच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी नसतं. एका बाजूला कोरियन साहेब, दुसऱ्या बाजूला लाइनवरचा शिरूरचा किंवा मावळातला माणूस. मध्ये उभं राहणाऱ्याने डोक्यात इंग्रजीचा वळसा घातला की वेळ जातो आणि अर्थ सांडतो.

आकड्यांचंच घ्या. कोरियन मोजणी दहा हजाराच्या टप्प्याने चालते. दहा हजाराला 'मान' म्हणतात. इंग्रजीतून जाणारा मुलगा आधी 'हंड्रेड थाउजंड' करतो, मग त्याचे मान करतो, मग परत लाख करतो, आणि घाम पुसतो. आपण थेट गेलो तर दहा मान म्हणजे एक लाख आणि हजार मान म्हणजे एक कोटी. दोनच जोड्या पाठ करायच्या: लाख म्हणजे 'शिम्मान', कोटी म्हणजे 'चॉन्मान'. ज्या भाषेत सव्वा लाख आणि दीड कोटी लीलया बोलतात तिला हे अवघड का जावं?

'शिम्मान' वरून आठवलं. दहा म्हणजे 'शिप'. शिप आणि मान मिळून 'शिप्मान' व्हायला हवं. होतं शिम्मान. लिहितात प, म्हणतात म. कोरियन शिकणारे सगळ्यात जास्त वैतागतात ते याने. लिहिलेलं एक, ऐकू येतं भलतंच. 'हान्गुक' म्हणजे कोरिया, 'माल' म्हणजे बोली, आणि दोन्ही मिळून 'हान्गुङ्माल'. धन्यवादाच्या शब्दात 'हाप' आणि 'निदा' लिहितात, म्हणतात 'हाम्निदा'. शिल्ला नावाचं प्राचीन राज्य आहे, ते लिहितात 'शिन' आणि 'ला'. पुस्तकात यासाठी 'नेझलायझेशन', 'लिक्विडायझेशन' अशा मथळ्यांचे तक्ते.

मी फळ्यावर एवढंच लिहिते: वाक् + मय. कुणीतरी मागून पुटपुटतं, "वाङ्मय." मग जगत् + नाथ. "जगन्नाथ." तत् + लीन. "तल्लीन." शाळेत ज्या व्यंजनसंधीच्या नावाने यांनी बोटं मोडली, ती संधी सोलच्या भुयारी रेल्वेत रोज बोलली जाते. तिथे 1897 साली बांधलेली स्वातंत्र्याची एक कमान आहे आणि तिच्याच नावाचं स्टेशन. लिहिताना तोक, रिप, मुन. बोलताना 'तोङ्निम्मुन'. एका शब्दात दोन-दोन संधी. मराठी माध्यमातली मुलं हे सोडवतात तेव्हा त्यांच्या तोंडावर जे दिसतं, ते बघायला मी शनिवारची वाट बघते. इंग्रजी माध्यमातल्यांना जरा वेळ लागतो, पण 'जगन्नाथ' त्यांनाही माहीत असतो, निदान पुरीचा.

स आणि श चं तसंच. कोरियनमध्ये 'स'पुढे इ आली की श होतो. का? मी विचारते, मासा, त्याला ला प्रत्यय लावा. "माशाला." ससा? "सशाला." घसा? "घशाला." मग मला का विचारता?

*

लिपीवर मी मुद्दाम फार वेळ घालवत नाही. राजा सेजोंगने 1443 साली ती तयार केली आणि 1446 मध्ये जाहीर केली. कुठलं व्यंजन उच्चारताना जीभ, ओठ, घसा कसे होतात त्यावरून अक्षरांचे आकार घेतले. तिच्याबद्दल राजाच्या दरबारातल्या विद्वानाने लिहून ठेवलंय की हुशार माणूस सकाळ संपायच्या आत शिकेल आणि मठ्ठाला दहा दिवस लागतील. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य असा तक्ता लहानपणी ज्याने घोकलाय त्याला ही लिपी एका दुपारचं काम. आमच्याकडे पहिले तीन आठवडे तिच्यात घालवतात, कारण इंग्रजी पुस्तकात तसं आहे.

वेळ घालवावा तो उच्चारांवर. कोरियनमध्ये 'प'सारखे तीन आवाज आहेत. पुल म्हणजे आग, फुल म्हणजे गवत, प्पुल म्हणजे शिंग. इंग्रजी बोलणाऱ्याला हे तिन्ही सारखेच ऐकू येतात. आपल्या बाराखडीत प आणि फ शेजारी शेजारी राहतात. कोरियन 'प्प' आपल्या नेहमीच्या प च्या अगदी जवळ आहे, जरा घट्ट धरायचा. दुसरा आपला फ. मात्र तो ओठांवर ओठ ठेवून म्हणायचा, आजोबा 'फळ' म्हणायचे तसा. हल्ली सगळे वरचे दात खालच्या ओठावर टेकवून फळ म्हणतात, तो नाही चालत. म्हणजे तीनपैकी दोन आपल्याला घरबसल्या मिळाले. शिकायचा राहिला तो पहिला, मऊ. तो शब्दाच्या सुरुवातीला प सारखा पण खालच्या सुरात, आणि दोन स्वरांच्या मध्ये आला की ब होतो. मूर्खाला 'पाबो' म्हणतात. यातला प आणि ब कोरियन कानाला एकच अक्षर आहे.

हे पटवायला मी एक गोष्ट सांगते. मी काही काळ कारखान्यात दुभाषी होते. तिथले एक कोरियन साहेब हौसेने मराठी शिकत होते. एकदा गाडी रस्त्यात थांबली. चालकाने मागे वळून बघितलं, तर साहेब पुढे बोट दाखवून आनंदाने म्हणाले, "काय आहे!" चालक म्हणाला, "साहेब, गाय आहे." साहेब म्हणाले, "हो हो, काय आहे." असं तीनदा झालं. साहेब बरोबर ओळखत होते, चालकही बरोबर सांगत होता. ग सुरुवातीला आला की साहेबांच्या जिभेवर त्याचा क व्हायचा आणि त्यांना स्वतःला तो ग च ऐकू यायचा. आपली मुलं 'पुल' म्हणताना नेमकं हेच उलट्या दिशेने करतात.

यात देवनागरीचा आधार घ्यावा का? पहिले दोन आठवडे, फार तर. या लेखात मी सगळं देवनागरीत लिहितेय आणि लिहिताना मला माझीच लाज वाटतेय. कारण 'ऑ' म्हणून मी जो स्वर लिहिलाय तो खरा ऑ नाही, आणि 'पुल' मधला प हा प नाही. देवनागरी आपली म्हणून ती खरी वाटते, आणि तिथेच फसवते. मुलं वहीत देवनागरी लिहून ठेवतात आणि मग वर्षभर कोरियन नव्हे, ती वही वाचतात.

मराठी आणखीही ठिकाणी फसवते. तीही सांगितली पाहिजेत, नाहीतर मी मराठीची जाहिरात करतेय असं वाटेल.

'हो' आणि 'यो' चं नातं मी इतक्या प्रेमाने सांगितलं, पण आपण 'हो' गाळू शकतो. "पाऊस येतोय" एवढं म्हटलं तरी काकांचा अपमान होत नाही. कोरियनमध्ये 'यो' गाळला की तुम्ही थेट अरे-तुरेवर आलात. त्याला 'पान्माल' म्हणतात, अर्धी बोली. मालिका बघून शिकलेल्या मुली हीच बोली घेऊन येतात, कारण मालिकांत मित्रमैत्रिणी, प्रियकर-प्रेयसी आणि भांडणारे भाऊच जास्त बोलतात. अशीच माझी एक गुणी विद्यार्थिनी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात विभागप्रमुखांना हसतमुखाने म्हणाली, "पाम मॉगॉस्सॉ?" तिच्या मनात होतं 'जेवलात का?' तोंडातून गेलं 'जेवलास का रे?' भाताला म्हणतात तो शब्द आपल्या कानाला पाप आणि बाप यांच्या मध्ये कुठेतरी ऐकू येतो, आणि जेवणालाही तोच. शिवाय थोरांच्या जेवणाचा शब्दच वेगळा, खाण्याचं क्रियापदही वेगळं. साहेब काही बोलले नाहीत. ती दोन दिवस रडत होती. चूक माझी होती. मी तिला प्रत्यय शिकवला होता, तो कुणासमोर गिळायचा नाही ते शिकवलं नव्हतं.

हे आता मी सासूबाईंवरून शिकवते. स्वतःची आई आली, सासूबाई आल्या. म्हणजे जिच्याबद्दल बोलतोय तिचा मान क्रियापदात. आणि "आई आली हो", "आई आली गं", म्हणजे जिच्याशी बोलतोय तिचा मान शेपटात. मराठीत या दोन दोऱ्या आहेत, पण सैल. कोरियनमध्ये दोन्ही कायम ताणलेल्या, आणि एक सुटली तरी सगळ्यांच्या लक्षात येतं.

'इ/गा' आणि 'न' चा, म्हणजे कर्ता आणि विषय यांच्या वेगवेगळ्या प्रत्ययांचा घोळ तर शिक्षकांनाही सुटता सुटत नाही. मी त्यासाठी कहाणी वापरते. आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता. इथे राजा पहिल्यांदा आला, त्याला 'इ' लावा. 'वाङ' म्हणजे राजा, त्याचं झालं 'वाङी'. वर्ग हसतो, वांगी. हसू द्यावं. पुढे, त्या राजाला दोन राण्या होत्या. आता राजा ओळखीचा झाला, आता 'न' लावा, 'वाङन'. सगळं यात बसत नाही. 'चहा घेतो, कॉफी मात्र नाही' यातल्या 'मात्र'लाही हाच 'न' लागतो आणि तिथे कहाणी कामाची नसते. पण कहाणीच्या आधाराने निदान दहापैकी सात वेळा बरोबर जाता येतं. पुस्तकातल्या व्याख्येने मी स्वतः चारच वेळा जायचे.

आणि 'येणे'. हे सगळ्यात गमतीचं आणि सगळ्यात पक्कं. आपण निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. फोनवर "कुठे आहेस?" म्हटलं की "येतोय, येतोय." कोरियन माणूस तिथे 'जातोय' म्हणतो. तो जिथे उभा आहे तिथून तो निघालाय, म्हणजे जातोय. आपल्या मुलाने "येतोय" म्हटलं की समोरचा गोंधळतो. दहा वर्षं झाली, घाईत असले की मी अजूनही चुकते.

*

सरकारी पातळीवर काय व्हावं याची यादी मी देणार नाही. 2020 च्या शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेत शिकवता येतील अशा परदेशी भाषांत कोरियनचं नाव आहे, ते चांगलंच. कोरिया सरकारच्या सेजोंग केंद्रांचं जाळं जगभर आहे. तिथून येणारे शिक्षक मनापासून शिकवतात आणि बहुतेक कोरियनमधूनच शिकवतात, तेही योग्य. सोलच्या माझ्या बाईंनी दहा आठवड्यांत, 200 तासांत, कोरियनखेरीज एक शब्द उच्चारला नाही. मला तक्रार नाही. तोंडाने कोरियनच बोलावं. पण मुलाच्या समासात काय लिहिलं जातंय, त्याच्या डोक्यात वाक्य कुठल्या घरातून फिरून येतंय, याकडे बघायचं काम स्थानिक शिक्षकाचं. ते तिकडून येणारा करू शकत नाही. आणि आम्ही करत नव्हतो, कारण आम्हाला 'आंतरराष्ट्रीय' दिसायचं होतं.

सोलमध्ये वर्गाजवळ एक छोटी खानावळ होती. तिथे जेवण वाढणाऱ्या बाईला सगळे हाक मारायचे, "इमो!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी शब्दकोश काढला. इंग्रजी अर्थ 'आँट'. काकू? मामी? आत्या? नंतर कळलं, आत्याला 'गोमो' हा वेगळा शब्द आहे. इमो म्हणजे आईची बहीण. मावशी. तेव्हापासून मला तिथे परकं वाटलं नाही. भाताबरोबर एक वाटी किमची जास्त मिळायची हे वेगळं.

आता माझा स्वतःचा वर्ग आहे, कोथरूडमध्ये, दोन खोल्यांचा. त्यात बासष्ट वर्षांच्या एक काकू येतात. त्यांची मुलगी लग्न होऊन सुवॉनला असते. काकूंना टोपिक नको, नोकरी नको. विहीणबाईंशी बोलता यावं एवढंच. पहिल्या दिवशी मी त्यांना सांगितलं की कोरियनमध्ये व्याह्यांना शब्द आहे, 'सादोन', तेव्हा त्या म्हणाल्या, "असणारच. त्याशिवाय लग्नं कशी लागतील?" इंग्रजी पुस्तकात या शब्दाला तीन ओळींचं स्पष्टीकरण आहे.

मागच्या जुलैत वर्ग चालू असतानाच त्यांच्या मोबाइलवर सुवॉनहून व्हिडिओ कॉल आला. आपल्याकडे चार वाजले होते, तिकडे साडेसात. मी म्हटलं, घ्या, इथेच घ्या. सगळा वर्ग गप्प. काकूंनी पदर सावरला, मोबाइल खिडकीकडे धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "पीगा वायो!"

पलीकडून विहीणबाई म्हणाल्या, "यॉगीदो वायो."

काकू माझ्याकडे वळल्या. "यॉगी म्हणजे इथे ना? आणि दो म्हणजे ही. इथेही येतोय." मी मान हलवली. मग दोघींची पावसावर, गुडघ्यांवर आणि नातीच्या दातांवर चांगली दहा मिनिटं गाडी चालली. निम्मं कोरियन, निम्मं हातवारे. शेवटी काकूंनी दोन्ही हात जोडले आणि निरोप घ्यायला आपल्या सवयीने म्हणाल्या, "ओल्केयो."

येते हं.

पलीकडच्या बाई एकदम पुढे सरकल्या, पडदाभर त्यांचा चेहरा आला. "ऑन्जेयो?"

"काय विचारतायत गं?" काकूंनी मला हळूच विचारलं.

"कधी येताय म्हणून."

काकूंनी क्षणभर विचार केला. मग बोटं मोजायला लागल्या, "इल, ई, साम, सा..." आणि मोबाइलकडे बघून म्हणाल्या, "सावॉल. एप्रिल. थंडी संपली की."